बेरीज करून होत नाही

माने सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी साताऱ्याला आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. सांगलीहून ट्रंककॉल आलाय, मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलंय, असं शिपाई सांगत आला. फोनवर सरांचा पुतण्या होता. "काका गेले, ताई. सकाळीच," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. अशा वेळी मनात पहिल्यांदा काय यावं हे माणसाच्या हातात नसतं. माझ्या मनात आलं, म्हणजे आता ते कधीच सांगणार नाहीत... रडू मागाहून आलं, एस.टी.त बसल्यावर. आधी आला तो राग. ज्या माणसानं मला शिकवलं, घडवलं, त्याच्या मरणाच्या बातमीवर मला राग यावा याची लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सरांच्या आठवणी लिहून द्या असं सांगितलं गेलं, तेव्हा मी आधीच बजावलं होतं की हारतुऱ्यांचा लेख मला जमणार नाही. संपादक चालेल म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

सर सांगलीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे तासगावकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. वर्गात बोलायचे ते स्वच्छ पुस्तकी मराठी, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की लगेच गावची बोली. आमचं गाव कडेगावजवळ. घरी ऊस, दोघे भाऊ फौजेत, आणि मी एकटी मुलगी कॉलेजात शिकलेली. बी.एस्सी. झाले त्या सुट्टीत घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. ते सरांना कुठून कळलं कोण जाणे, पण एका दुपारी ते छत्री घेऊन आमच्या दारात हजर झाले. माझे वडील, आबा, सोप्यात बसले होते. पाणी पिऊन झाल्याबरोबर सरांनी विषयालाच हात घातला.

"आवं पाटील, पोरगी तुमची हाय, पण डोकं तिचं सोताचं हाय. दोन वर्सं द्या. कोल्हापूरला एम.एस्सी. करू द्या."

आबा म्हणाले, "दोन वर्सांनी ती आमचं ऐकंल का?"

"न्हाई ऐकायची. माझंबी न्हाई ऐकायची. त्येच तर शिकवतोय तिला."

आबा मोठ्यानं हसले आणि काम झालं. आतल्या खोलीत दाराआड उभी राहून मी ते ऐकलं होतं. माझंही ऐकणार नाही, असं कुठला मास्तर स्वतःच्या तोंडानं सांगतो? त्या एका वाक्यावर मी सरांना देव मानलं. ही माझी पहिली चूक असं आता कुणी म्हणेल, म्हणू दे.

ही सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. परदेशातली मासिकं कॉलेजच्या लायब्ररीत जहाजानं, महिनोन्महिने उशिरा यायची. सर ती घरी न नेता उभ्याउभ्याच वाचायचे. त्या दिवसांत तिकडे एक मोठी गोष्ट घडत होती. निसर्गात चार बलं आहेत असं आम्ही पाठ केलेलं. सगळ्या वस्तूंना ओढणारं गुरुत्व, वीज आणि चुंबक यांचं मिळून एक, अणूचा गाभा बांधून ठेवणारं एक, आणि चौथं ते क्षीण बल, जे गाभ्याबाहेर पाऊल टाकत नाही पण ज्याच्याशिवाय सूर्य जळणार नाही. यातलं विजेचं बल आणि क्षीण बल ही मुळात दोन नाहीतच, एकाच बलाची दोन रूपं आहेत, ऊर्जा पुरेशी चढली की दोघांतला फरक पुसला जातो, असं काही शास्त्रज्ञ म्हणत होते आणि प्रयोगातून त्याला पुष्टीही मिळू लागली होती. मला ते गणितात कळलं होतं, पोटात उतरलं नव्हतं. इतकी वेगळी दिसणारी दोन बलं एक कशी? आणि ऊर्जा चढली म्हणजे नेमकं काय चढलं?

कोल्हापूरहून सुट्टीला आले असताना मी हे सरांना विचारलं. थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेच्या घाटावर ये म्हणाले. गेले तर सर पायरीवर बसलेले, डोक्याला मफलर, शेजारी दोन बाटल्या, एक वाटी आणि चहाचा थर्मास. मला वाटलं, चहा पाजतायत. एका बाटलीत खोबरेल होतं, थंडीनं पांढरं दगड झालेलं. दुसरीत शेंगदाण्याचं तेल, आडवं केलं की वाहणारं. "ही दोन्ही एका जातीची हायत असं कोण म्हणंल का?" त्यांनी विचारलं. थर्मासात गरम पाणी होतं. ते वाटीत ओतून त्यांनी खोबरेलाची बाटली त्यात उभी धरली. हळूहळू तेल सुटलं, आणि मग दोन्ही बाटल्या आडव्या केल्या तर दोन्ही सारखीच वाहू लागली. "थंडीत येगळी दिसतात. आपण थंडीतच जन्मलोय गं, शालन. हे सगळं विश्वच आता निवलंय. म्हणून आपल्याला चार दिसतात."

एवढ्यावर मी खूष झाले असते. पण सरांनी बाटली निवू दिली. तेल पुन्हा गोठेपर्यंत आम्ही गप्पा मारत बसलो. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाले, आता नदीत धर. मी साडी वर खोचून पाण्यात उतरले. पाणी असं गार की पाय बधिर झाले. सर वरून विचारत होते, "एवढ्या कृष्णेत उष्णता किती असंल? महाबळेश्वरापास्नं आलेलं पाणी. हिशेब केलास तर वाटीतल्यापेक्षा किती पटीनं जास्त भरंल?" मी म्हटलं, मोजता येणार नाही इतकी जास्त. "मग तेल का इतळंना?"

आणि तेव्हा ते पोटात उतरलं. सगळ्याची बेरीज करून काही होत नाही. तेलाच्या एकेका कणाला धडक किती जोराची बसते त्यावर सगळं आहे. बलं एक होतात ती ऊर्जा म्हणजे धरणातल्या पाण्याची नाही की विजेच्या कारखान्याची नाही. ती दोन कणांच्या एका टकरीत यावी लागते. क्षीण बल वाहून नेणारे कण फार जड असतात, साध्या टकरीत ते जन्मालाच येत नाहीत, म्हणून ते बल दुबळं दिसतं. टक्कर इतकी जोराची झाली की त्या जडपणाचं काही वाटेनासं व्हावं, तरच त्याचं आणि विजेचं रूप सारखं दिसतं. सबंध पृथ्वीवरची ऊन-ऊब गोळा केली तरी त्यानं बलं एक होणार नाहीत. आणि एवढं सांगून झाल्यावर सरांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "हा दाखला झाला, पुरावा न्हवं. दाखला देऊन झाला की तो खाली ठेवायचा. त्यो डोक्यावर घिऊन नाचायचं न्हाई." हे त्यांचं वाक्य मी आजही वर्गात सांगते.

मग आमची व्याख्यानं सुरू झाली. सर बोलायचे, मी बाटल्या सांभाळायचे. सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं एखाद्या गावी जायचं, शाळेच्या पटांगणात नाहीतर वाचनालयात बोलायचं आणि परत यायचं. लोक यायचे थोडे आणि जायचे भराभर. शिराळ्याला गेलो तर समोर हेडमास्तर, दोन शिक्षक आणि सतरंजी घालणारा माणूस, तोही सतरंजी घडी करायला थांबलेला. आटपाडीला दुष्काळाच्या साली गेलो होतो. तिथं मात्र चांगली गर्दी जमली. सर रंगात आले, बाटली वाटीत धरली, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. सगळं पटांगण हंडे-कळशा घेऊन पळालं. सरांनी बाटली खाली ठेवली आणि एका म्हाताऱ्या बाईची घागर घेऊन तेही रांगेत उभे राहिले. घागर पोचवून आले तर ती बाई म्हणाली, "मास्तर, तुमचं ऱ्हायलेलं फुडच्या टँकरला सांगा." येताना एस.टी.त आम्ही हसून हसून बेजार झालो. पण तासगाव सोडल्यावर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शालन, ह्या सगळ्या वर्सांत माझं एकबी भाषण कुणी शेवटपतूर ऐकल्यालं न्हाई गं." मी म्हटलं, मी ऐकलंय की. ते म्हणाले, "तू बाटल्या धराय असतीस."

मला ते तेव्हा लागलं नाही. आता लागतं.

एम.एस्सी. होऊन मी साताऱ्याला नोकरीला लागले. एका वर्षी सुट्टीत घरी आले तर गावात सप्ताह चालला होता आणि सांगतेच्या दिवशी माने सरांचं भाषण ठेवलेलं. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, सरांनीही नाही. मला आनंदच झाला. माझं गाव, माझे सर. मंडप भरून लोक मागं पारापर्यंत बसले होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका. मी आईच्या शेजारी पुढं बसले. सर उभे राहिले तर समोर बाटल्या नव्हत्या. मला वाटलं, उन्हाळ्याचे दिवस, खोबरेल गोठलेलं नसणारच.

ते चांगलं बोलले. खूपच चांगलं बोलले, हे मला सांगायलाच हवं. चार बलं, सूर्य, अणू, सगळं त्यांनी लोकांच्या भाषेत मांडलं. आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "ऊर्जा वाढली की ही बलं एक होतात, असं आता विज्ञानानं सिद्ध केलं आहे. आज या मंडपात हजारो माणसं बसली आहेत. प्रत्येकाची ऊर्जा थोडी. पण या सगळ्यांची मिळवा... सात दिवस तुम्ही एका मुखानं नाम घेतलंत. तुमच्या ऊर्जेची बेरीज झाली आणि तुम्ही एक झालात. जे अणूत घडतं तेच इथं घडलं आहे!"

मंडप दणाणून गेला. टाळ वाजले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून सरांच्या पाया पडला. मला क्षणभर वाटलं, आपल्याला ऐकू आलं ते चुकीचं. माणसं नामानं एक होत असतील, मी कुठं नाही म्हणते? माझी आई डोळे पुसत होती, तिचं खोटं नव्हतं. पण ते विज्ञानानं सिद्ध केलेलं नव्हतं, आणि बेरजेनं तर नव्हेच नव्हे. ज्यानं मला थंडीत नदीत उभं करून हे शिकवलं, तोच माणूस मंडपात बेरीज सांगत होता. न कळून नाही, सगळं कळून.

मी उठून उभी राहिले. आईनं पदर ओढला. मी म्हटलं, "सर, बेरीज करून होत नाही. तुम्हीच सांगितलंय." पुढच्या लोकांना ते ऐकू गेलं. सर थांबले. मला वाटलं, आता ते हसतील आणि म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं, माझंही ऐकणार नाही म्हणून... ते हसले खरे. पण बोलले माईककडे तोंड करून. "ही माझीच विद्यार्थिनी. गणितात फार हुशार. पण गणितानं सगळं कळत नसतं. अनुभव यायला वय लागतं, बाळ. बस."

लोक हसले. आमच्या गावचे, ओळखीचे, लहानपणी ज्यांच्या अंगणात खेळले ते लोक. रजेवर आलेला माझा दादा मधल्या वाटेनं आला आणि दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेला. "शोभतंय का ह्ये? फौजेत असतीस तर कोर्ट मार्शल झालं असतं तुजं." घरी जेवायला बसल्यावर आबा म्हणाले, "ज्येच्यामुळं शिकलीस त्येलाच उलटून बोललीस." मी काय सांगणार? की त्यांनीच तुम्हाला सांगितलं होतं, याच सोप्यात बसून? आबा ते विसरून गेले होते. सरही विसरले होते. माझ्या एकटीच्याच लक्षात होतं, आणि एकटीच्या लक्षात असलेल्या गोष्टीला घरात कोण विचारतं.

त्यानंतर सरांचा विषय निघाला की लोक ते बेरजेचं वाक्यच सांगायचे. त्यांना आणायला जीप येऊ लागली, आटपाडीलाही लोक शेवटपर्यंत बसू लागले आणि टँकर आला तरी कुणी उठत नाही असं मी ऐकलं. मी जायचं बंद केलं. दिवाळीला भेटकार्ड पाठवायची तेही सोडलं. राग होता, पण रागापेक्षा मला पोरकं वाटत होतं. वर्गात एखादी मुलगी उठून म्हणायची, "बाई, हे चुकलं," तेव्हा मला आधी त्या मुलीचं नव्हे, त्या मंडपातलं माझंच तोंड दिसायचं. मी त्या मुलींना कधी बस म्हटलं नाही. तेवढं मात्र सरांकडूनच शिकले, उलट्या बाजूनं.

गेल्या पावसाळ्याअखेर सर मिरजेला दवाखान्यात आहेत असं कळलं, तेव्हा गेले. फार वाळले होते. मला पाहून उठून बसायला बघू लागले. थोडा वेळ माझी शाळा, माझी बदली, असलं काहीबाही बोलणं झालं. मग मला राहवलं नाही. "सर, त्या दिवशी ती बेरीज खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

ते छताकडे बघत म्हणाले, "म्हाईत हुतं की. म्हणून तर बायकांच्या बाजूला बगतच नव्हतो."

म्हणजे मी आहे हे त्यांना ठाऊक होतं. आधीपासूनच. मला वाटत आलं होतं की मी अचानक उठले, ते गांगरले आणि तोंडून ते 'बस' निघून गेलं. तेवढाही आधार त्यांनी काढून घेतला.

"मग एकदा सांगा सगळ्यांना," मी म्हटलं. "एकदाच. तुमच्या तोंडून. माझ्यासाठी नको, पण त्या तेलासाठी तरी..."

"टाळ्या ऐकल्यास न्हवं त्या दिवशीच्या?" ते म्हणाले. मग पांघरूण सारखं केलं. "बरा झालो की सांगतो. तुज्याच गावात येऊन सांगतो." आणि मी त्यावर विश्वास ठेवला! एवढं सगळं झाल्यावरही ठेवला, आणि हलक्या मनानं एस.टी.त बसले. सर बरे झाले नाहीत. यात त्यांचा दोष नाही हे मला कळतं. पण मधे ते आठ-पंधरा दिवस घरी आले होते, लोक भेटायला येऊन जात होते, त्यांच्यातल्या कुणाला एका ओळीनं सांगता आलं असतं. त्यांनी नाही सांगितलं.

सांगलीला शोकसभा झाली. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. जो उठला त्यानं तेच बेरजेचं वाक्य म्हटलं, कुणी पाठ, कुणी कागदावरून. विज्ञान आणि भक्ती यांची सांगड घालणारे माने सर. शेवटी ठरलं की वाचनालयात त्यांच्या नावानं खोली करायची आणि दारावर पितळी पाटीवर ते वाक्य कोरायचं. टाळ्या वाजवू नयेत असं सभेच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी एक-दोघांनी वाजवल्या. मी तिथून उठून सरांच्या घरी गेले.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सभेला आल्या नव्हत्या. बाहेरच्या खोलीत जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ही सरांची शिकवणीची खोली. आम्ही सगळे तिथंच शिकलो. चहा आतून यायचा, दारातून काकूंचा हात दिसायचा, बांगड्या वाजायच्या, आणि कपबशी ठेवून तो हात परत जायचा. त्या खोलीत बसलेल्या काकू मी पहिल्यांदाच पाहिल्या. सरांची वेताची खुर्ची खिडकीशी होती तिथंच होती, बसून बसून मधोमध खोल झालेली.

"ये की गं, शालन," त्या म्हणाल्या. मी शेजारी बसले. त्यांनीच विषय काढला. "ते पाटीवर लिवायचं म्हणत्यात ते खरं हाय का गं? पुतण्या दोनदा येऊन गेला. तुमी व्हय म्हणा, मग कोराय टाकतो म्हणतोय. मला काय कळतंय त्यातलं? ह्यांनी मला कवा सांगितलंच न्हाई."

मी हो म्हणून सुटू शकले असते. नवरा जाऊन महिनाही न झालेली बाई समोर बसली होती. पण खोटं बोलले असते तर त्या पाटीवर माझीही सही झाली असती. मी म्हटलं, "काकू, ते खरं नाही. आणि सरांना ते माहीत होतं." मग त्यांना सगळं सांगितलं. दोन तेलं, नदी, वाटी, एकेका कणाला बसणारी धडक. मंडपातलंही सांगितलं, दवाखान्यातलंही. काकू कपाळाला आठी घालून ऐकत होत्या. बाहेर अंधारून येत होतं तरी दिवा लावायला उठल्या नाहीत.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग एवढ्या माणसांम्होरं ह्यांनी उलटं का सांगितलं?"

"त्यांना ऐकणारं माणूस हवं होतं, काकू," मी म्हटलं. "इतकी वर्षं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. लोक उठून जायचे. मग जे सांगितल्यावर लोक बसतात, ते त्यांनी सांगितलं."

काकूंनी आतल्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, रडतील. पण आवाज आला तो कोरडाच.

"मी हुते की," त्या म्हणाल्या. "ह्या दारापलीकडं. एवढी वर्सं मी कुटं उठून गेलीय?"

माझ्याकडे सरांवरचा राग होता, बरीच वर्षं जपलेला. तो किती लहान होता हे मला त्या बाईसमोर बसून समजलं. मला निदान एकदा नदीवर बोलावलं होतं.

"पुतण्याला सांग, पाटीवर निस्तं नाव घाला," काकू म्हणाल्या. मग हात टेकून उठल्या, पदर सारखा केला, आणि जाऊन सरांच्या खुर्चीत बसल्या.

"हं. आता ते तेलाचं पहिल्यापास्नं सांग."